लग्नानंतरची वही



गोष्ट लग्नाशी येऊन थांबते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. राजाराणीचं लग्न लागतं, दोघं सुखाने नांदू लागतात आणि सांगणारी उठून कामाला लागते. पण ऐकणाऱ्या बाईला ठाऊक असतं, की खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. घर कुणाच्या नावावर, कर्ज किती, पाऊस कसा, बाळंतपण कुठे, हे सगळं लग्नानंतरचंच.

आज सांगणार आहे ती गोष्ट अमेरिकेतल्या एका शेतकरी बाईची. लॉरा इंगल्स वाइल्डर तिचं नाव. तिने आठ कादंबऱ्या लिहिल्या आणि आठव्या पुस्तकात स्वतःचं लग्न लावून कथा थांबवली. त्यापुढचं तिने लिहिलंच नव्हतं असं नाही. लिहिलं होतं, पण ते वह्यांतच राहिलं. ती गेल्यावर चौदा वर्षांनी ते छापलं गेलं. ते छापायला हवं होतं का? आणि बाई गेल्यावर तिच्या लिहिलेल्याचं काय करायचं, हे ठरवायचं कुणी? आज याच प्रश्नांवर बोलू या.

लॉराचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७चा, विस्कॉन्सिन राज्यातला. वडील शेतकरी, पण एका जागी न टिकणारे. नवी जमीन मिळेल तिकडे बैलगाडीसारख्या झाकलेल्या गाडीत बिऱ्हाड घालून निघायचे. अशा फिरतीत चार मुली वाढल्या. थोरली मेरी आजारपणात आंधळी झाली. लॉरा सोळाव्या वर्षाच्या आतच शाळेत शिकवायला लागली, कारण मेरीच्या शिक्षणाला हातभार हवा होता.

शेवटी हे कुटुंब डकोटा प्रांतात डी स्मेट नावाच्या गावात स्थिरावलं. १८६२च्या कायद्याने सरकार तिथे १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देत होतं. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहायचं आणि ती कसायची. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ही जमीन रिकामी नव्हती. ती तिथल्या मूळ रहिवाशांकडून, डकोटा लोकांसारख्या आदिवासींकडून घेतलेली होती. लॉराच्या पुस्तकांत त्या लोकांचं जे वर्णन येतं त्यावर आज टीका होते. २०१८ साली तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्याच्या एका मोठ्या पुरस्काराला दिलेलं तिचं नावही काढून टाकलं. पुस्तक लाडकं असलं तरी ते डोळे उघडे ठेवून वाचावं लागतं.

२५ ऑगस्ट १८८५ रोजी, अठरा वर्षांची असताना, लॉराचं लग्न अल्मान्झो वाइल्डर या तरुण शेतकऱ्याशी झालं. पुढे दोघं मिसुरी राज्यातल्या मॅन्सफिल्ड गावी गेली. तिथे त्यांनी खडकाळ जमीन घेतली, फळबाग लावली, कोंबड्या पाळल्या. कोंबड्यांबद्दलच्या तिच्या एका भाषणावरून तिला शेतीविषयक पत्रातून लिहिण्याचं बोलावणं आलं. १९११पासून ती शेतकरी बायकांसाठी नियमित लिहू लागली. शेतकऱ्यांना कमी व्याजाचं शेतीकर्ज मिळवून देणाऱ्या संस्थेच्या गावातल्या शाखेची ती सुमारे दहा वर्षं सचिव आणि खजिनदार होती. म्हणजे आपल्या गटातल्या सचिव आणि खजिनदार ताई जे करतात तेच. अर्ज भरून घ्यायचे, हिशेब ठेवायचे, हप्त्यांची आठवण करायची.

तिचं पहिलं पुस्तक आलं १९३२मध्ये. तेव्हा ती पासष्ट वर्षांची होती. आता वय झालं, आता काय शिकायचं, असं आपण चाळिशीतच म्हणायला लागतो. ही बाई पासष्टाव्या वर्षी कादंबरीकार झाली. १९४३पर्यंत आठ पुस्तकं आली. जंगलातलं घर, गवताळ माळावरचं घर, सात महिन्यांचा लांबलेला हिवाळा, टोळधाड, सणासाठी जपून ठेवलेली थोडीशी साखर. मुलांना ही पुस्तकं फार आवडली. लॉराकडे देशभरातून मुलांची पत्रं येत. पुढे काय झालं, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न असायचा. पण पुढचं पुस्तक आलं नाही. १९४९मध्ये अल्मान्झो गेला. १० फेब्रुवारी १९५७ला, नव्वदी पूर्ण करून तीन दिवसांनी, लॉराही गेली.

तिच्या मागे राहिलेल्या कागदांत शाळकरी मुलांच्या असतात तशा वह्या होत्या. नारिंगी पुठ्ठ्याच्या, पेन्सिलने लिहिलेल्या. त्यात लग्नानंतरच्या चार वर्षांची, १८८५ ते १८८९ची हकीकत होती.

त्यात काय आहे, ते ऐका. सुरुवातीलाच नवरी होणारी मुलगी सांगते, की मला शेतकऱ्याशी लग्न करायचं नाही. शेतीत बाईचे हाल होतात आणि पैसा कधीच हातात राहत नाही. नवरा म्हणतो, तीन वर्षं करून बघू, नाही जमलं तर सोडून देईन. या बोलीवर संसार सुरू होतो. पहिल्या वर्षी गहू असा येतो, की सगळी देणी फिटून वर उरावं. कापणीच्या तोंडावर गारपीट होते आणि वीस मिनिटांत उभं पीक झोपतं. मग तिला कळतं, की राहत्या घरावरही ५०० डॉलरचं कर्ज आहे. नवऱ्याने लग्नाआधी सांगितलं नव्हतं, तिला काळजी नको म्हणून. नांगर, कापणीयंत्र हप्त्यांवर घेतलेलं. मग जमीन गहाण.

कितीजणींनी मान डोलावली, ते मला इथे बसून दिसत नाही. पण अंदाज आहे.

पुढे मुलगी झाली, रोझ. मग दोघा नवराबायकोला घटसर्प झाला. अल्मान्झो पुरता बरा व्हायच्या आत कामाला लागला आणि त्याला पक्षाघाताचा झटका आला. तो जन्मभर काठी टेकत चालला. जमिनीचा हक्क मिळावा म्हणून दहा एकरांत झाडं लावली होती, ती कोरड्या उष्ण वाऱ्यांनी वाळून गेली. लॉराने आपल्या मालकीचं शिंगरू १०० डॉलरला विकलं आणि तो पैसा चुलतभावाबरोबर मेंढ्यांत घातला. लोकरीच्या पैशाने थोडा आधार झाला. तीन वर्षांची बोली संपली, तेव्हा दोघांनी आणखी एक वर्ष बघू असं ठरवलं. त्या चौथ्या वर्षी, १८८९च्या उन्हाळ्यात, तिला मुलगा झाला आणि महिन्याच्या आत गेला. त्याचं नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. पाठोपाठ चुलीची आग लागून घर जळालं. लॉराने रोझला बाहेर काढलं. वाचलेल्या थोड्या भांड्यांत लग्नानंतर घेतलेलं पावाचं काचेचं ताट होतं.

बाळाच्या मृत्यूवर त्या वहीत मोजक्याच ओळी आहेत. रडणं नाही, समजूत नाही. लॉराच्या छापलेल्या पुस्तकांत आणि वहीत हाच मोठा फरक आहे. लहानपणी तिचा एक धाकटा भाऊ नऊ महिन्यांचा होऊन गेला होता, पण आठही पुस्तकांत तो कुठेच नाही. मुलांसाठी लिहिताना तिने ते दुःख बाहेर ठेवलं. वहीत मात्र तिने आपलं बाळ लिहिलं.

मग तिने हे छापायला का दिलं नाही? वही नक्की केव्हा लिहिली, यावर अभ्यासक वेगवेगळं सांगतात. कुणी १९३०नंतरची वर्षं धरतात, कुणी त्यानंतरची. मोठ्यांसाठी एक कादंबरी लिहायचा तिचा विचार होता, एवढं तिच्या पत्रव्यवहारावरून दिसतं. आणखी एक कारण संभवतं. तिची मुलगी रोझ स्वतः नावाजलेली लेखिका होती. आईची हस्तलिखितं ती टंकलिखित करायची, सुधारायची, वाक्यं घासूनपुसून घ्यायची. त्यावरून मायलेकींचे वादही होत. या पुस्तकांत आईचं किती आणि लेकीचं किती, हा वाद आजही मिटलेला नाही. या वहीवर मात्र मुलीचा तसा हात फिरलेला नव्हता. डकोटातल्या त्याच कष्टांवर रोझने १९३८मध्ये स्वतःची कादंबरी लिहून छापली होती. आई गेल्यावर वह्या रोझकडे आल्या. तिने आईच्या प्रवासाची एक रोजनिशी १९६२मध्ये छापली. ही वही ती असेपर्यंत छापली गेली नाही.

१९६८मध्ये रोझ गेली. तिचा वारस होता रॉजर मॅकब्राइड नावाचा वकील, तिने नातवासारखा मानलेला. त्याने वही प्रकाशकाला दिली आणि १९७१मध्ये पुस्तक निघालं. नावाचा अर्थ आहे 'पहिली चार वर्षं'. शुद्धलेखनाच्या आणि किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर मजकूर लॉराने लिहिला तसाच ठेवला. नवरा गेल्यावर तिचं त्यात मन राहिलं नसावं, असा अंदाज मॅकब्राइडने प्रस्तावनेत मांडला. पुस्तक कच्चं आहे, हे वाचकांपासून लपवलं नाही.

हे बरोबर झालं का? बरोबर नव्हतं असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे. तिने परवानगी दिली नव्हती. वाक्यं तुटक आहेत, आधीच्या पुस्तकांतली ऊब त्यात नाही. प्रेमाने वाचणाऱ्या मुलांना एकदम कर्ज, रोगराई आणि मेलेलं बाळ समोर आलं. तिने वह्या जाळल्या नाहीत, म्हणून तिची संमती होती, असंही म्हणता येणार नाही. आपणही कितीतरी कागद ठेवतो, ते काही गावाला दाखवण्यासाठी नव्हे.

तरीही मला वाटतं, ते छापलं हे चांगलं झालं, आणि ज्या रीतीने छापलं तेही चांगलं. दुसऱ्या कुणाकडून ते गोड करून घेतलं असतं, बाळाच्या प्रसंगावर चार पानं रडवून लिहून घेतली असती आणि वर लॉराचं नाव टाकलं असतं, तर ती मेलेल्या बाईच्या तोंडी आपले शब्द घालण्याची गोष्ट झाली असती. तसं झालं नाही. आणि त्यामुळे शेतकऱ्याच्या बायकोचा हिशेब तिच्याच शब्दांत उरला. पीक किती गेलं, देणं किती राहिलं आणि घरातलं कोण गेलं, हे तिघांनाही तिने एकाच वहीत जागा दिली. आठ पुस्तकांतली मुलगी आपल्याला आवडते. वहीतली बाई आपल्याला ओळखीची वाटते.

आता पैशाची बाजू. लॉराने मृत्युपत्र केलं होतं. पुस्तकांचं उत्पन्न रोझला तिच्या हयातीपर्यंत, आणि तिच्यानंतर मॅन्सफिल्डच्या ग्रंथालयाला मिळावं, असं त्यात होतं. गावातल्या लहानशा ग्रंथालयाचा तिने विचार केला होता. पण त्या काळच्या अमेरिकी कायद्यात पुस्तकाचा हक्क ठरावीक मुदतीनंतर पुन्हा नोंदवावा लागे. रोझनंतर त्या नोंदी मॅकब्राइडकडे गेल्या आणि उत्पन्नही. १९९५मध्ये तो वारला. मग १९९९मध्ये ग्रंथालयाने कोर्टात दावा लावला, की मृत्युपत्राप्रमाणे हक्क आमचा आहे. २००१मध्ये तडजोड झाली आणि ग्रंथालयाला सुमारे ८ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. लॉरा जाऊन तेव्हा चव्वेचाळीस वर्षं झाली होती. तिने कागद करून ठेवला होता, म्हणूनच एका खेड्यातल्या ग्रंथालयाला एवढ्या वर्षांनी उभं राहून मागता आलं.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी फार थोड्याजणी कादंबरी लिहितील. पण ओव्यांची वही, औषधी पाल्याची माहिती, गटाच्या सुरुवातीच्या दिवसांच्या नोंदी, सासरी आल्यावर लिहिलेली चार पानं, हे कितीतरी घरांत आहे. ते कुणाला द्यायचं, कुणी वाचायचं, कुणी वाचायचं नाही, हे जिवंतपणी सांगून ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं तर उत्तम. आणि ज्याला किंमत आहे त्याचं, मग ते शेत असो, दागिना असो की छापलेलं पुस्तक, मृत्युपत्र करा. आपल्याकडे ते साध्या कागदावर चालतं. आपली सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार शक्यतो असे घ्या, की ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. पुस्तकाचा हक्क तर आपल्या कायद्याने लेखक गेल्यानंतरही साठ वर्षं चालतो. तो कुणाचा, हे लिहिलेलं नसेल तर भांडण नातवंडांच्या वाट्याला येतं.

आणि घरातली म्हातारी गेल्यावर ट्रंक उघडायची वेळ आली, तर वही रद्दीत टाकण्याआधी एकदा वाचा. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असतील, अर्धी वाक्यं असतील. सुधारायला बसू नका. तिने लिहिलंय तसंच राहू द्या.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि एकमेकींना विचारा, तुझ्याकडे काय लिहिलेलं आहे? नमस्कार.