झुंजारचा माग

धुळ्याच्या राजवाडे मंडळात गेलो की मला हटकून झुंजार आठवतो. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, घरोघरचे माळे धुंडाळून जुने कागद गोळा केले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले आणि 1926च्या शेवटच्या दिवशी याच धुळ्यात देह ठेवला. पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. झुंजारला असा कोणी राजवाडे भेटला नाही. भाड्याच्या पुस्तकांतून तो हातोहात फिरला, फाटला आणि रद्दीत गेला.

झुंजार हा बाबूराव अर्नाळकरांचा मानसपुत्र. बाबूरावांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण (1906–1996). हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी एकहाती लिहिल्या. इंग्रजीत 1893 साली अवतरलेल्या सेक्स्टन ब्लेक या गुप्तहेराला पुढे कितीतरी लेखकांनी पोसलं. इथे काळा पहाड, धनंजय-छोटू, झुंजार हा सगळा गोतावळा एकाच लेखणीवर जगला. झुंजारची कुळी शोधत गेलं तर मला ती लेस्ली चार्टरिसच्या 1928मधल्या ‘सेंट’जवळ पोचलेली दिसते. तोही कायद्याला बगल देऊन दुर्जनांना लुटणारा, रुबाबदार. पण झुंजारला घरी विजया आहे, पाठीशी नेताजी आहे. साहसवीराला संसार देणं ही अर्नाळकरांची खरी करामत. म्हणून तो मराठी घरात परका वाटला नाही.

खानदेशातल्या वाचकांना झुंजारखेरीज आणखी एक शेजार होता, हिंदी-उर्दू रहस्यकथांचा. 1952पासून अलाहाबादहून इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ निघू लागली; तिचा उर्दूतला नायक फरीदी हिंदीत विनोद झाला. अलाहाबादहून मुंबईला येणारा लोहमार्ग भुसावळवरूनच जातो, आणि त्या रेल्वेच्या गावात मराठी नि हिंदी दोन्ही वाचणारी घरं कधीच कमी नव्हती.

पुढे गुरुनाथ नाईकांनीही कादंबऱ्यांचा हजाराचा पल्ला ओलांडला. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि फिरोझ इराणी हे नायक दिले. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आज कुठेही मिळते, दारा बुलंद मात्र शोधावा लागतो. मला हा अन्याय वाटतो. आमच्या पिढीला वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली.

जळगाव-धुळ्याच्या वाचकांनो, माळ्यावर एखादा झुंजार सापडला तर, मुखपृष्ठ गेलेलं असलं तरी, रद्दीवाल्याला देऊ नका. जळगावचं व. वा. वाचनालय 1877पासून उभं आहे. अशा एखाद्या वाचनालयात तो नेऊन द्या, आणि तो जपून ठेवायला सांगा.