दोन सुताचा करार

ट्रायपॉडवर बसणारा कुठलाही कॅमेरा उलटा करून बघा. तळाशी आट्यांचं एक भोक असतं: व्यास पाव इंच, दर इंचाला २० आटे. कॅमेरे बनवणारे जपान, जर्मनी, चीन हे सगळे मेट्रिक देश, तरी कॅमेऱ्याच्या बुडाशी इंच टिकून आहे. सायकलच्या हँडलवर घरच्या घरी कॅमेरा बसवता येतो, तो याच इंचाच्या कृपेने.

१८४१पर्यंत इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. इकडचा नट तिकडच्या बोल्टला बसायचा नाही. जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि एकच पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश. पाव इंचाला २० आटे. १८६४मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी ६० अंशांचे, कापायला सोपे आटे मांडले. दोघांचं बऱ्याच ठिकाणी जुळलं नाही. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आटे, तर अमेरिकेत १३ रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात या फरकाने दोस्त राष्ट्रांना पुरतं छळलं. शेवटी १९४८मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने ६० अंशांवर समेट केला. पाव इंचाला मात्र दोन्हीकडे २०च आटे होते. त्यामुळे कॅमेऱ्याचं हे भोक सगळ्या भांडणातून जवळजवळ तसंच सुटलं. पुढे ते आयएसओ १२२२ या मानकातही गेलं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीचा कोड आज चालला तरी पार्टी द्यावीशी वाटते. इथे पावणेदोनशे वर्षांहून जुना इंटरफेस चालतोय, आणि तोही एकही अपडेट न मागता!

आपल्याकडे १९५६मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८पासून मेट्रिक टप्प्याटप्प्याने आलं. पण पुण्याच्या बोहरी आळीत अजूनही बोल्ट सुतावर मागता येतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून पाव इंच म्हणजे दोन सूत. ६ मिलिमीटरचा बोल्ट दिसायला अगदी तसाच असतो, पण त्याचा व्यास ६.३५ऐवजी ६ आणि दोन आट्यांमधलं अंतर १.२७ऐवजी १ मिलिमीटर. तो भोकात शिरतो, धरल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात सुटतो. तेव्हा दुकानात ‘दोन सूत’ हेच शब्द वापरा.

हँडलची मापंही याच घराण्यातली. मुठीजवळचा पाइप २२.२ मिलिमीटर, म्हणजे सात सूत. मधला जाड भाग २५.४, म्हणजे आठ. नव्या सायकलींत ३१.८, म्हणजे दहा. आकडे मेट्रिकमध्ये छापले, तरी हिशोब सुताचाच.

माझा माउंट शंभराच्या नोटेत झाला. पुढच्या रिफ्लेक्टरचा क्लॅम्प घेतला, रिफ्लेक्टर काढला, उरलेल्या पट्टीत दोन सुताचं भोक पाडलं. खालून बोल्ट, वरून नट घट्ट. त्यावर दुसरा नट सैल, मग रुंद वॉशर, जुन्या ट्यूबचा तुकडा आणि कॅमेरा. कॅमेरा हवा तसा वळवला की दुसरा नट वर फिरवून वॉशरला आवळायचा. बोल्ट कॅमेऱ्यात चारेक आटेच जायला हवा; जास्त लांब असेल तर तो भोकाचा तळ फोडेल. हँडल आणि क्लॅम्प यांच्यामध्येही ट्यूब हवीच. शिवाय कॅमेऱ्यापासून हँडलपर्यंत नायलॉनची दोरी बांधा. बोल्ट दगा देईल, दोरी धरून ठेवेल.

मोटरसायकलवर मात्र जपून. २०२१मध्ये खुद्द अॅपलने सांगितलं, की मोठ्या इंजिनाच्या सततच्या कंपनाने फोनच्या कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब होऊ शकते. सायकलला इंजिन नाही, हे इथे बरंच.

आज प्रत्येक कंपनी आपापला खास माउंट विकते. त्यातला एक तुटला की त्याच कंपनीकडे परत जायचं. व्हिटवर्थच्या मापाला मालक नाही, म्हणूनच ते गल्लीतल्या दुकानात सुटं मिळतं. स्वस्त वस्तू घरी बनवण्याची आपली मुभा अशा बिनमालकीच्या मापांवर उभी आहे. पुढचा कॅमेरा घेताना मेगापिक्सेल बघाच, पण आधी तो उलटा करून ते भोक आहे ना, हे तपासा.