विचारून मिळवलेली बातमी

वर्तमानपत्राच्या कचेरीत दुपारनंतर येणाऱ्या प्रेस नोटांमधली एक जात लांबून ओळखू येते. पहिल्याच ओळीत टक्केवारी, दुसरीत ‘एका पाहणीत असे आढळून आले आहे’, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत, सहज आल्यासारखं, एखाद्या गादीचं, तेलाचं नाहीतर विमा कंपनीचं नाव. भारतीयांची झोप कमी झाली हे गादीवाल्यानं सांगायचं, हृदयाची काळजी कोणी घेत नाही हे तेलवाल्यानं. २९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन जवळ आला की अशा नोटांची रीघ लागते. उपसंपादक नोट वाचतो, कंपनीचं नाव शेवटच्या परिच्छेदात ढकलतो, मथळा बांधतो आणि रिकामी चौकट भरून टाकतो. कंपनीची त्याला हरकत नसते. जाहिरातीची जागा पैसे टाकले की मिळते. बातमीची ही जागा कमवावी लागते आणि वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो.

पाहणीतून प्रसिद्धी मिळवण्याच्या या विषयाकडे पहिल्यांदा वळणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना एवढंच सांगतो की तो दिसतो तितका हलका नाही. पीआरवाले त्याला धंद्यातली क्लृप्ती समजतात. संख्याशास्त्राचे प्राध्यापक नाक मुरडतात. पत्रकार तर आपल्या पानावर असलं काही छापून येतं हे मान्यच करत नाहीत. तिघांनीही वाऱ्यावर सोडलेला विषय असल्यामुळे इथं नव्या माणसाला काम भरपूर आहे, आणि ते काम करताना संख्याशास्त्र, वृत्तपत्रविद्या आणि माणसाचा स्वभाव या तिन्हींशी गाठ पडते.

इतिहास थोडक्यात पाहू. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बीच-नट कंपनीला बेकन खपवायचं होतं. एडवर्ड बर्नेज या जनसंपर्क सल्लागारानं जाहिरात लिहिली नाही. त्यानं एका डॉक्टरमार्फत देशभरच्या डॉक्टरांना पत्रं पाठवली: सकाळचं खाणं भरपेट असावं की हलकं? बर्नेज पुढे सांगत असे त्याप्रमाणे सुमारे साडेचार हजार डॉक्टरांनी भरपेट खाण्याच्या बाजूनं कौल दिला, आणि वर्तमानपत्रांनी मथळे लावले. या हकिकतीत माझ्या लेखी महत्त्वाचं हे की डॉक्टरांना बेकनबद्दल विचारलंच नव्हतं. प्रश्न न्याहारीचा होता, फायदा बेकनचा झाला. आजही या क्षेत्रातला चांगला प्रश्न असाच, मालाच्या शेजारी उभा राहणारा असतो. माल प्रश्नात शिरला की उपसंपादकाला वास येतो.

त्याच देशात १९४६ पासून ‘इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा कॅमल ओढणारे डॉक्टर जास्त’ अशी जाहिरात चालली, तीही पाहणीच्याच आधारावर. डॉक्टरांच्या परिषदांमध्ये आधी कॅमलची पाकिटं फुकट वाटायची आणि मग तुमच्या खिशात कोणती सिगारेट आहे असं विचारायचं, ही त्यामागची युक्ती पुढे अभ्यासकांनी उघड केली. ब्रिटनमध्ये ८० टक्क्यांहून अधिक दंतवैद्य कोलगेट सुचवतात या जाहिरातीवर तिथल्या जाहिरात-नियामकानं २००७ मध्ये आक्षेप घेतला. आकडा खोटा नव्हता. पण दंतवैद्यांना एकाहून जास्त ब्रँड सांगायची मुभा होती, आणि जाहिरात वाचणारा समजे की उरलेल्या सगळ्यांच्या वाट्याला मिळून वीसच टक्के आले. आकडा खरा आणि अर्थ खोटा, हे या विषयातलं सर्वांत अवघड प्रकरण आहे. नियामकालाही ते पकडायला प्रश्नावली मागवावी लागते.

आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मुंबईचं. प्रॉक्टर अँड गॅम्बलनं एरियल पावडरसाठी २०१५ मध्ये ‘शेअर द लोड’ ही मोहीम सुरू केली. तिच्या पायाशी एसी नील्सन या बाजारसंशोधन कंपनीनं केलेली पाहणी होती: ७६ टक्के भारतीय पुरुषांना कपडे धुणं हे बाईचंच काम वाटतं. डाग किती निघतात, फेस किती येतो, याचा प्रश्नात पत्ता नाही. पण त्या आकड्यावर लेख झाले, चर्चा झाल्या, घराघरांत वाद झाले. माझ्या मते हे काम कौतुकाचं आहे. साबणाच्या कंपनीनं घरातला एक खरा प्रश्न उचलला आणि तो पुढची काही वर्षं सोडला नाही. एकदा विचारून पळून जाणाऱ्या पाहण्यांपेक्षा हे फार वरचं.

तरीही अभ्यासकानं इथं थांबून एक शेजारचा आकडा काढावा. केंद्र सरकारची वेळेच्या वापराची पाहणी २०१९ मध्ये झाली. तिच्यात लोकांना मत विचारलं नव्हतं, काल दिवसभरात काय काय केलं ते विचारलं होतं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी निघाली २९९ मिनिटं, पुरुषांची ९७, आणि मुळात असं काही काम करणारे पुरुष २६ टक्क्यांच्या आसपासच. मतं भराभर सुधारतात, मिनिटं हटवादी असतात. दारात टॅबलेट घेऊन उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीनं ‘घरकाम दोघांनी करावं असं तुम्हाला वाटतं का?’ म्हणून विचारलं, आणि आतल्या खोलीतून बायको ऐकत असली, तर ‘नाही’ म्हणायला फार मोठी छाती लागते. ब्रँडच्या पाहण्या बहुतेक वेळा मतच विचारतात, कारण मत स्वस्त पडतं आणि त्याचा मथळा लवकर होतो. मत आणि मिनिटं एकाच तक्त्यात मांडणारी पाहणी एखाद्या कंपनीनं काढली तर तिला बातमीसाठी कोणाच्या पाया पडावं लागणार नाही.

माझी स्वतःची एकच कसोटी आहे आणि मी ती सगळ्या पाहण्यांना लावतो: उत्तर उलटं आलं असतं, तर कंपनीनं ते छापायला दिलं असतं का? दिलं असतं असं वाटलं, तर ती पाहणी. नाहीतर ती जाहिरात, फक्त तिचा खर्च दुसऱ्या खात्यात टाकलेला.

आता नमुन्याकडे येऊ. सॅम्पल या शब्दाचा मोठा धाक असतो आणि त्यावरचं प्रकरण पुस्तकात सहसा पाठीमागे टाकलेलं असतं. मी लिहितो आहे ते उज्जैनमध्ये, देवास गेटच्या परिसरात, आणि नमुना म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर, बसस्टँड इथंच. लॉज, पोहे-जिलबीची दुकानं, ई-रिक्षांची झुंबड, आणि शिंदेशाहीची आठवण नावात बाळगणाऱ्या माधव महाविद्यालयाची जुनी वास्तू. पाहणी करणाऱ्या एजन्सीच्या पोराला दिवसभरात ठरलेले फॉर्म भरून हवे असतात, तेव्हा तो साहजिकच अशाच नाक्यावर येऊन उभा राहतो. कोटा हातात असतो: इतके पुरुष, इतक्या बायका, अमुक वयाच्या, घरात दुचाकी असलेल्या.

सकाळी इथं त्याला भेटतं कोण? इंदूरला रोज अप-डाउन करणारे नोकरदार, आगर-तराण्याकडून कोर्टकचेरीच्या कामाला आलेली मंडळी, आणि रात्रीच्या गाडीनं उतरून महाकालाच्या दर्शनाला निघालेली नाशिकची नाहीतर परभणीची कुटुंबं. श्रावणातला सोमवार असेल तर यात्रेकरूच यात्रेकरू. ज्याला आपण उज्जैनकर म्हणू तो माणूस या वेळी फ्रीगंजात किंवा जुन्या शहरात आपल्या घरी चहा पीत असतो. त्याला देवास गेटला येण्याचं कारणच नसतं. म्हणजे ‘उज्जैनच्या इतक्या टक्के लोकांची पसंती’ असा मथळा या फॉर्मांवरून बांधला, तर तो प्रवाशांच्या पसंतीचा मथळा झाला. शिवाय प्रश्नावली पंधरा मिनिटांची आणि कंडक्टर ‘इंदौर, इंदौर’ म्हणून ओरडतो आहे. आठव्या प्रश्नापासून पुढे माणूस सगळ्यालाच ‘हां, हां’ म्हणत सुटतो. एजन्सीच्या तक्त्यात तो हांजीपणा ब्रँडवरचं प्रेम म्हणून उतरतो.

गणित असं सांगतं की नीट यादृच्छिक पद्धतीनं निवडलेल्या चारशे माणसांवरून काढलेल्या टक्क्यांत साधारण पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतात, हजारांवरून काढलेल्यांत तीन. हजाराचं नाव ऐकून पत्रकार खूश होतो. पण हा हिशेब प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरावीक संधी असेल तेव्हाच लागू पडतो. देवास गेटला उभं राहून दहा हजार फॉर्म भरले तरी फ्रीगंजातला तो माणूस त्यात येत नाही. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या आणि त्यांच्या जोरावर त्यानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट प्रचंड बहुमतानं निवडून आले. त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर काम करणाऱ्या जॉर्ज गॅलपचा अंदाज बरोबर ठरला आणि त्या एका बातमीनं त्याची संस्था उभी राहिली. पाहणीनं संस्थेला प्रसिद्धी मिळवून दिल्याचं याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. तिथं पाहणी हाच माल होता.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट खटकायला हवी. ‘मराठी ग्राहक’ म्हणून जी पाहणी येते तिच्यात मुंबई, पुणे, नागपूर, फार तर नाशिक असतं. उज्जैन, इंदूर, देवास, ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मराठी बोलतात, पेपर हिंदी वाचतात, मसाला दोन्हीकडचा वापरतात. महाराष्ट्राच्या कोट्यात ही घरं बसत नाहीत, मध्य प्रदेशच्या कोट्यात ती हिंदी ठरतात. त्यांच्यावर एखाद्या पापडवाल्यानं साधी पण प्रामाणिक पाहणी केली, तर इंदूरच्या हिंदी दैनिकांपासून पुण्याच्या पुरवण्यांपर्यंत तिला जागा मिळेल असं मला वाटतं. अशी जागा हुडकणं हेही या विद्येचं अंग आहे.

आपल्याकडे पाहणीची परंपरा नाही असं मात्र समजू नये. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती आजही पद्धतीसाठी वाचण्यासारखी आहे. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी महागाई-भेसळीला कंटाळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकाला प्रश्न विचारणारा विक्रेताच असला पाहिजे असं नाही, हे या संस्थांनी दाखवलं.

नियमांच्या बाबतीत एक विचित्र फट आहे. जाहिरात मानक परिषदेच्या संहितेप्रमाणे जाहिरातीतला दावा स्वतंत्र संशोधनावर आधारलेला आहे असं म्हटलं, तर त्या संशोधनाचा स्रोत आणि तारीख द्यावी लागते. तोच आकडा प्रेस नोटेतून बातमीत गेला की त्या संहितेची अट गळून पडते, कारण आता तो बातमी आहे. नमुना किती, कोणत्या शहरांत, कोणत्या महिन्यात, खर्च कोणाचा, यातलं एकही वाक्य बातमीत नसलं तरी कोणी हटकत नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण पत्रकार पी. साईनाथ यांनी बाहेर काढलं, तेव्हापासून पेड न्यूज हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. पाहणीची बातमी पेड नसते, तिच्यासाठी वर्तमानपत्राला दमडी मिळत नाही. ती फुकट असते, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. कात्रणांची लांबी कॉलम-सेंटीमीटरमध्ये मोजून जाहिरातीच्या दरानं तिची किंमत लावण्याची जुनी सवय जनसंपर्क व्यवसायानं २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये कागदोपत्री टाकून दिली. महिन्याच्या अहवालात ती अजून दिसते.

ब्रँड म्हणजे फक्त साबण-तेल नव्हे, शहरही ब्रँड असतं. २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालेलं स्वच्छ सर्वेक्षण हे याचं देशातलं सर्वांत यशस्वी उदाहरण. २०१७ पासून इंदूरचं नाव पहिल्या क्रमांकाशी इतकं जोडलं गेलं की दुसरीकडे गेलेला इंदुरी माणूस ओळख करून देताना तेच आधी सांगतो. २०२४-२५ च्या फेरीत उज्जैनही ‘सुपर स्वच्छ लीग’ या अव्वल शहरांच्या गटात आलं. गुणांत नागरिकांच्या अभिप्रायाचा वाटा असल्यामुळे महापालिका अभिप्राय देण्याची आर्जवं करतात. विद्यार्थ्यानंच परीक्षकाला पेपर तपासायला बसवावं तसा हा मामला आहे, पण रस्ते खरोखर झाडले जातात, त्यामुळे त्याला नुसतं हसून चालणार नाही. पाहणीची बातमी व्हावी म्हणून पाहिली जाणारी गोष्टच सुधारते, हा परिणाम कोणत्याही गादी-तेलाच्या पाहणीत मला दिसलेला नाही. यावर मराठीत कोणी सविस्तर लिहावं अशी माझी इच्छा आहे.

आणि लिहिणाऱ्याला मुहूर्तही जवळचा आहे. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरेल. पाणी, बिस्किटं, मोबाइल, बँका, सगळ्यांचे मंडप लागतील आणि भाविकांच्या पसंतीचे आकडे रोज संध्याकाळी प्रेस नोटांतून बाहेर पडतील. त्या वेळी घाटावरचा नमुना वेगळा, देवास गेट स्टँडवरचा वेगळा आणि शहरात राहणाऱ्यांचा वेगळा धरायचा, तर पर्वणीच्या आधीचे पायाभूत आकडे हाताशी हवेत. २०२७ च्या उन्हाळ्यात, गर्दी नसताना, जुन्या शहरातली आणि फ्रीगंजातली घरं यादीवरून निवडून, हिंदी आणि मराठी अशा दोन्ही प्रश्नावल्या घेऊन कोणी फिरलं, तर पुढच्या वर्षीच्या प्रत्येक प्रेस नोटेशेजारी ठेवायला एक तक्ता तयार असेल.