ड्रॅगन क्वेस्ट

जपानी व्हिडिओ खेळांची एक दीर्घकालीन व अत्यंत लोकप्रिय मालिका. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घेऊन प्रवास करावयाचा, संकटांशी झुंजत आपले सामर्थ्य वाढवावयाचे व अखेरीस दुष्ट शक्तीचा पाडाव करावयाचा, असे तिच्यातील मुख्य खेळांचे स्थूल स्वरूप असते. अशा खेळांना भूमिकाप्रधान खेळ म्हणतात. मालिकेतील पहिला खेळ एनिक्स कंपनीने २७ मे १९८६ रोजी निन्टेन्डोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या घरगुती खेळयंत्रासाठी प्रसिद्ध केला. अकरावा २०१७ मध्ये आला. २०२१ पर्यंत मालिकेच्या आठ कोटींहून अधिक प्रती वितरित झाल्या होत्या. या व्यवसायातील तंत्र दर चार-सहा वर्षांनी पालटते. अशा व्यवसायात तीन तपांहून अधिक काळ टिकलेल्या या लोकप्रियतेचे मूळ मालिकेच्या नियमांच्या व शैलीच्या सातत्यात आढळते.

उगम : मालिकेचा जनक यूजी होरिई (१९५४–   ) हा मूळचा लेखक. एनिक्सने भरविलेल्या संगणक-खेळांच्या स्पर्धेतून तो व कोइची नाकामुरा (१९६४–   ) हा तरुण प्रोग्रॅमकार या क्षेत्रात आले. ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ या १९८१ मधील अमेरिकन खेळांनी दोघांनाही भारून टाकले होते. मात्र हे खेळ महागड्या संगणकांवर, कळफलकाच्या साहाय्याने व क्लिष्ट नियमांनिशी खेळावे लागत. होरिईने पहिल्यातील वरून दिसणारा नकाशा आणि दुसऱ्यातील समोरासमोरची लढाई एकत्र केली, आणि मोजकी बटणे असलेल्या यंत्रावर लहान मुलांनाही खेळता येईल अशी सुबोध रचना सिद्ध केली. पात्रांची व राक्षसांची चित्रे आकिरा तोरियामा (१९५५–२०२४) या ख्यातनाम चित्रकथाकाराने काढली. संगीत कोइची सुगियामा (१९३१–२०२१) याचे होते. होरिई व तोरियामा दोघेही ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकाशी निगडित असल्याने, त्याच्या पानांतूनच वाचकांना या नव्या प्रकाराची ओळख करून देण्यात आली.

रचना : पहिल्या खेळाची संपूर्ण सामग्री अवघ्या ६४ किलोबाइटांत बसविलेली होती. जागेअभावी जपानीच्या काताकाना लिपीतील मोजकीच अक्षरे वापरावी लागली. आरंभी नायक राजाच्या बंद दालनात असतो. तेथून बाहेर पडण्यासाठी बोलणे, पेटी उघडणे, किल्लीने दार उघडणे या क्रिया कराव्याच लागतात. अशा रीतीने खेळच आपले नियम शिकवितो. पराभूत झाल्यास नायक राजापुढे परत येतो, त्याचे निम्मे धन जाते. पण मिळविलेला अनुभव कायम राहतो. हातांच्या चपळाईपेक्षा चिकाटीला महत्त्व देणारा हा नियम मालिकेच्या आकर्षणाचा गाभा होय. नायक स्वतः बोलत नाही, त्यामुळे खेळणारा त्याच्या जागी सहज स्वतःला पाहू शकतो.

पहिल्या खेळात प्रगती साठविण्याची सोय नव्हती. पडद्यावर दिसणारा वीस अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ वहीत उतरवून घ्यावा लागे. एक अक्षर चुकले तरी सारे श्रम वाया जात. दुसऱ्या खेळात (१९८७) हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत वाढला. तिसऱ्यात (१९८८) कॅसेटमध्येच बॅटरी बसवून ही अडचण दूर करण्यात आली. त्या काळच्या मुलांच्या आठवणींत या वह्यांना विशेष स्थान आहे.

सामाजिक परिणाम : तिसरा खेळ १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी, विक्रीस आला. दुकानांपुढे लांबलचक रांगा लागल्या आणि शाळा बुडवून आलेल्या अनेक मुलांना पोलिसांनी ताब्यात घेतले. या प्रसंगानंतर सरकारने कामाच्या दिवशी अशा विक्रीवर कायद्याने बंदी घातली, असा समज पुढे दूरवर पसरला. परंतु असा कायदा झालेला नाही. सुट्टीचा दिवस निवडण्याचा निर्णय कंपनीचाच होता. चौथा खेळ ११ फेब्रुवारी १९९० रोजी, रविवारी, विक्रीस आला.

सातत्य व परिवर्तन : मालिकेने कथेच्या अंगाने धाडस केले, नियमांच्या बाबतीत मात्र संयम पाळला. पाचव्या खेळात (१९९२) नायकाचे बालपण, दास्य, विवाह व पितृत्व असा जीवनपट येतो. भाकितातील वीर मात्र तो स्वतः नसून त्याचा मुलगा असतो. नवव्या खेळासाठी २००६ मध्ये वेगवान हातघाईच्या लढाईची योजना जाहीर झाली. चाहत्यांच्या नाराजीनंतर ती मागे घेऊन पूर्वीचीच पद्धत ठेवण्यात आली (२००९). नावीन्याला अशी मर्यादा पडली, तरी त्यामुळेच आईवडिलांनी लहानपणी खेळलेला खेळ त्यांची मुलेही ओळखू शकतात. थेंबाच्या आकाराचा हसरा निळा ‘स्लाइम’ हा राक्षस आणि सुगियामाचे प्रारंभसंगीत ही या ओळखीची प्रमुख चिन्हे ठरली. हे संगीत १९८७ पासून वाद्यवृंदाच्या मैफलींत वाजविले जाऊ लागले. २३ जुलै २०२१ रोजी टोकिओ ऑलिंपिकच्या उद्‍घाटन समारंभात खेळाडूंच्या संचलनाचा प्रारंभ याच संगीताने झाला.

परदेशांत मात्र मालिकेला मायदेशाइतके यश लाभले नाही. अमेरिकेत ती १९८९ मध्ये ‘ड्रॅगन वॉरिअर’ या नावाने गेली व मूळ नाव तेथे २००५ मध्येच वापरता आले. स्क्वेअर कंपनीची ‘फायनल फँटसी’ ही प्रतिस्पर्धी मालिका तेथे अधिक रुजली. पुढे २००३ मध्ये या दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले.

सुगियामा व तोरियामा यांच्या निधनामुळे मूळ त्रयीपैकी एकटा होरिई उरला. बाराव्या खेळाची घोषणा २०२१ मध्ये झाली, तर तिसऱ्या खेळाची नव्या चित्रशैलीतील आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. तिघांच्या एकत्रित कामातून घडलेली ही शैली त्यांच्या पश्चात इतरांच्या हाती तशीच राहते काय, यावर मालिकेचे भवितव्य अवलंबून आहे.