खांदमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, आजी चुलीवर पाणी ऊन करायची, वाटीत लोणी-हळद कालवायची आणि मला गोठ्यात पिटाळायची. "त्याच्या खांद्याले आधी हात लाव, मंग पोयी खाय." जू बसतं तिथली ढवळ्या बैलाची कातडी जोड्याच्या तळव्यासारखी झालेली असे. त्या घट्ट्याच्या कडेला बोट दाबलं की तो कान मागे टाकायचा. कुठे दुखतं ते मला सातव्या वर्षी कळलं. पुढे पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, खांदेसुजीवर मलमं लावली, पण त्या बोटापेक्षा फार वेगळं काही शिकलो असं वाटत नाही.

म्हणून "पूर्वीच्या लोकांना जनावराचं दुखणं कळत नव्हतं" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. आमच्या गावाला, असोद्याला, सगळं कळत होतं. खांदमळणी हाच त्याचा पुरावा. जिथे आपण वर्षभर ओझं ठेवलं, नेमकी तीच जागा एका संध्याकाळी शेकायची. आणि दोन दिवसांनी आर असलेली पराणी पुन्हा हातात.

ती आर मीही ठोकली आहे. दहा-बारा वर्षांचा असेन. बाभळीच्या काठीच्या टोकाला खिळा बसवून दगडावर घासला होता. बाप काही बोलला नाही. बैल मागे राहिला की टोचायचं, त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे.

बहिणाबाई चौधरी असोद्याच्याच लेक. 1880 चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला गेल्या. शाळा नाही, पण गोठा-शेत पाहिलेलं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी मुलगा सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापली. त्यांत पोळ्यावरही गाणं आहे. सगळे सजावटीचं कौतुक करत असताना या बाईंनी शेतकऱ्यांना विनवलं, की आपल्या हौसेपायी बैलाचे हाल करू नका. सणाच्या दिवशीच, सणाबद्दल असं बोलायला धीर लागतो. आम्ही गाणं पाठ केलं, गावाचं नाव सांगताना छाती फुगवली. मिरवणुकीत शेपटी पिरगाळणं मात्र चालूच राहिलं.

कायदाही कधीपासूनचा आहे. एक 1890 चा, इंग्रजांचा. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी विषय लावून धरला आणि 1960 चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा झाला. मारणं, लाथाडणं, जास्त ओझं लादणं हे सगळं त्यात गुन्हा. दंड पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये. कायद्यात तोच आकडा अजून आहे. जळगावच्या बाजारात पन्नास रुपयांत भरिताची वांगी किती येतात ते बघा, म्हणजे बैलाच्या पाठीचा भाव कळेल.

याच कायद्याखालचे 1965 चे नियम मला खरे शहाणे वाटतात. दिवसात 9 तासांहून जास्त काम नको, सलग 5 तासांहून जास्त नको, टोकदार काठी नको. आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायचंच नाही. खानदेशात 37 अंश? आमच्याकडे मार्च सरता सरता पारा तिथे पोचतो, मे महिन्यात 45. म्हणजे कायद्यानं चालायचं तर उन्हाळाभर भरदुपारी असोदा रेल्वे गेटवर एकही गाडी उभी दिसायला नको होती. मी लहानपणी तिथे रांगा पाहिल्या आहेत. गेट बंद, डांबर पाघळलेलं, कापसाच्या गाड्या, बैलांच्या तोंडाला फेस.

गंमत अशी की शेतात हा नियम कुणी न सांगता पाळला जाई. रामपारी नांगर धरायचा, उन्हं चढली की सोडायचा. तोच माणूस दुसऱ्याचा माल भाड्यानं ओढायला निघाला की घड्याळ बदलायचं. बैलाला सावली द्यायची की नाही, ते खेपेचे पैसे कोण मोजतो यावर ठरायचं. 1972 नंतर कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी आली, खरेदी केंद्राबाहेर गाड्या रात्र-रात्र मुक्कामाला राहू लागल्या, आणि काही जण बैलांच्या मानेवरचं जूसुद्धा उतरवत नसत, रांग सरकली तर काय म्हणून.

लोखंडी धावेचं लाकडी चाक जाऊन टायरची गाडी आली तेव्हा बैलाला सुख व्हायला हवं होतं. 1965 च्या नियमांनीच टायरच्या गाडीला साध्या चाकाच्या दीडपट ओझं मंजूर केलेलं. वाचलेली सगळी ताकद आम्ही गोण्यांत भरली.

बडवण्याचं, म्हणजे खच्चीकरणाचं, न सांगून चालणार नाही. खोंड जमिनीवर पाडून, पाय बांधून, दोन दांड्यांत धरून दगडानं ठेचायचं. त्याचं ओरडणं वेशीपर्यंत जाई आणि बायका कवाडं लावून घेत. आमच्या खात्याचा चिमटा आल्यावर ते पुष्कळ सुसह्य झालं. चिमटा मी शेकडोंदा चालवला. 1960 च्या कायद्यानं खच्चीकरण, वेसण, डागणं हे ठरवलेल्या रीतीनं केलं तर गुन्ह्याबाहेर ठेवलं आहे, म्हणजे कागदावर मी निर्दोष. खोंडाला मात्र मी त्याच मालिकेतला एक वाटलो असेन.

ऑगस्ट 2022 मध्ये जनावरांत लम्पीची साथ आली, त्या वर्षी राज्यात आधी आमच्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला. बैलबाजार बंद झाले, पोळा तोंडावर. शेजारच्या घरातला म्हातारा विचारायला आला, अंगावर गाठी आहेत, खांदमळणी करू का? मी म्हटलं, माणसाला तो रोग होत नाही, पण दुसऱ्या गोठ्यात जाऊ नका आणि हात धुवा. त्याच्यासोबत गेलो. दारात ट्रॅक्टर उभा होता, बैल चार-पाच वर्षं जुंपलेला नव्हता. मी मानेवर हात फिरवला. घट्टा जवळजवळ विरला होता, तिथे मऊ केस आले होते. म्हाताऱ्यानं वाटी पुढे केली तशी बैलानं आपणहून मान खाली घातली.