गंजिफा : खेळ गेला, पानें राहिलीं

आपल्याकडील इतिहासलेखकांनीं लढाया, तहनामे आणि वंशावळ्या यांवर जितकें लक्ष दिलें, त्याच्या शतांशही लोकांच्या करमणुकीवर दिलें नाहीं. सोंगटी, बुद्धिबळ, गंजिफा हे खेळ घराघरांत, वाड्यावाड्यांत शतकानुशतकें चालत आले. पण ज्या वस्तूंनीं ते खेळले गेले त्या कोणीं केल्या, कशा केल्या, आणि करण्याची विद्या एका हातून दुसऱ्या हातीं कशी गेली, याची चौकशी क्वचितच झाली. खेळाचें पान ही वस्तु दिसावयास लहान. तरी तींत कागदाचें ज्ञान आहे, रंगाचें आहे, लाखेचें आहे, पुराणाचें आहे आणि हिशोबाचेंही आहे. प्रस्तुत लेखांत सावंतवाडीच्या हातरंगी गंजिफांच्या निमित्तानें एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : एखादी कला जगविली असें आपण म्हणतों, तेव्हां नक्की काय जगविलेलें असतें ?

गंजिफा हा शब्द आपल्याकडे इराणी वाटेनें आला. हिंदुस्थानांतील या खेळाचा जुना आणि खात्रीचा उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रांत सांपडतो. सिंधमधील ठट्ठ्याच्या शहा हसनास आवड होती व त्यानें मागितला, म्हणून आपण गंजिफांचा जोड त्याच्याकडे पाठविला, अशी नोंद बाबरानें १५२७ सालीं केली आहे. पुढें अबुल फज्लनें 'ऐन-इ-अकबरी'मध्यें बारा रंगांच्या गंजिफेचें वर्णन केलें. मोगली गंजिफा म्हणून जी सर्वत्र पसरली ती आठ रंगांची व ९६ पानांची. ताज, शमशेर, गुलाम, बरात हीं तिच्या रंगांचीं नांवें ऐकलीं कीं बादशाही कारखान्यांची आणि खजिन्याची यादी वाचीत आहोंत असें वाटतें. हा दरबारी खेळ हिंदु घरांत शिरला तेव्हां लोकांनीं तो जसाच्या तसा घेतला नाहीं. बादशहाचे कारखाने बाजूस सारून त्यांनीं तेथें विष्णूचे दहा अवतार बसविले, आणि ९६ पानांचीं १२० पानें झालीं. परकें तें आपलें कसें करून घ्यावें याचा इतका सहज आणि निरुपद्रवी दाखला दुसरा सांपडणें कठीण.

दशावतारी गंजिफेंत प्रत्येक अवताराचीं १२ पानें असतात : एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा. राजाच्या पानावर तो अवतारच विराजमान असतो. उरलेल्या दहा पानांवर त्या अवताराची खूण तितक्या वेळां काढलेली असते. मत्स्याचा मासा, कूर्माचें कांसव, परशुरामाचा परशु, याप्रमाणें. निम्म्या रंगांत दश्शा वरचढ आणि एक्का हलका; निम्म्यांत उलट, एक्का वरचढ व दश्शा हलका. तिघेजण बसले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास ४० पानें येतात. दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजापासून आरंभ, रात्रीं असेल तर कृष्णाच्या. सूर्यवंशी राम दिवसाचा धनी आणि मध्यरात्रीं जन्मलेला कृष्ण रात्रीचा, ही योजना ज्यानें केली त्याच्या रसिकतेस दाद दिली पाहिजे. औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनीं एकोणिसाव्या शतकांत 'क्रीडाकौशल्य' या संस्कृत ग्रंथांत इतर खेळांबरोबर गंजिफेचीही माहिती दिली, यावरून या खेळास त्या काळीं पंडितांच्या घरींही केवढी प्रतिष्ठा होती हें दिसतें.

आतां करणाऱ्याच्या बाजूनें पाहूं. एक ते दहा यांची बेरीज ५५. असे दहा रंग, म्हणजे एका जोडांत ५५० खुणा आणि त्यांशिवाय राजे व प्रधान यांचीं २० चित्रें. हें सर्व सुपारीहून मोठ्या पण तळहातांत मावणाऱ्या वाटोळ्या चकतीवर, एकट्या कुंचल्यानें. त्याआधीं चकती तयार करणें हेंच मोठें काम. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवावयाचे, वाळवावयाचे, त्यांवर खडूचा लेप द्यावयाचा आणि पृष्ठ गुळगुळीत होईपर्यंत घोटावयाचें. खळ पातळ झाली तर थर सुटतात, फार घट्ट झाली तर पान वांकतें. मग गोल कापणी; मग प्रत्येक रंगाची जमीन निराळ्या रंगानें भरणें. पत्त्यांच्या खेळांत आपण 'रंग' म्हणतों तो येथें अक्षरशः रंग असतो. जमीन वाळल्यावर खुणा, खुणांवर बारीक रेघा, कांठाला वेलपत्ती, आणि शेवटीं लाखेचा हात. जुन्या चिताऱ्याच्या पेटींत हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळ हे रंग असत. ते डिंकाच्या पाण्यांत कालवून लावीत. पाण्याचा रंग पाण्यानें उतरतो, आणि खेळणाऱ्याच्या हाताला तर घाम येतो. म्हणून लाख हवी. तिच्यामुळें पानाला झळाळी येते ती वेगळी. तिचें खरें काम संरक्षणाचें.

या कारागिरींत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. पानाची पुढची बाजू जितकी देखणी तितकी चिताऱ्याची कीर्ति. पण मागची बाजू मात्र सर्व १२० पानांची तंतोतंत सारखी असावी लागते. एका पानाच्या पाठीवर कुंचल्याचा फराटा निराळा पडला किंवा कांठ किंचित् उडाला कीं चाणाक्ष खेळाडू तें पान ओळखतो आणि डाव फुकट जातो. चित्रकार एरवीं आपला हात ओळखूं यावा म्हणून झटतो. गंजिफा करणाराला पुढें आपला हात दाखवावा लागतो आणि मागें तो लपवावा लागतो. म्हणून पाठ एकरंगी ठेवून तिच्यावर लाखेचा सारखा थर देण्याची रीत पडली. ही शिस्त कोणत्याही चित्रशाळेनें घालून दिलेली नाहीं. ती खेळानें घालून दिली आहे.

युरोपांत याच अडचणीचा निकाल निराळ्या रीतीनें लागला. तेथें पंधराव्या शतकांतच लांकडी ठशांवर शाई लावून पत्त्यांच्या आकृति कागदावर उमटवूं लागले आणि कापलेल्या साच्यांतून पातळ रंग भरूं लागले. छापण्याच्या कलेचीं पहिलीं गिऱ्हाइकें जशीं देवादिकांचीं चित्रें तशींच जुगाराचीं पानें, ही गंमतीची पण खरी गोष्ट आहे. आपल्याकडे ठसा ठाऊक नव्हता असें नाहीं. छिपे लोक कापडावर तो शतकानुशतकें मारीत आलेच होते. तरीही गंजिफेंत राज्य राहिलें तें कुंचल्याचें. सावंतवाडीस दरबारी आणि बाजारी अशा दोन कलमांच्या गंजिफा होत. दरबारी कलमांत नक्षीचे कांठ व बारीक काम. बाजारी कलमांत खुणा दोनचार फटकाऱ्यांत उरकलेल्या. या बाजारी पानांकडे नाक मुरडण्याचें कारण नाहीं. तोच मासा शेंकडों वेळां काढून काढून चिताऱ्याचा हातच ठसा बनलेला असतो; आणि तरीही कोणतेही दोन मासे अगदीं एकसारखे नसतात. सामान्य माणसाच्या घरीं जी गंजिफा गेली ती हीच. खेळाला बहर होता तो तिच्या जोरावर.

सावंत-भोंसल्यांच्या या लहानशा संस्थानांत चिताऱ्यांचा धंदा नांवारूपास आला. लांकडी खेळणीं, पाट, चौरंग, लाखकाम यांबरोबर गंजिफा होत. चितार आळी हें नांव सावंतवाडीच्या बाजारांत आजही आहे. पण एकोणिसाव्या शतकांत ५२ पानांचे छापील विलायती पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफेला उतरती कळा लागली. इस्पिक, किलवर हीं नांवेंच परक्या बंदरांतून आलेलीं आहेत. ४० गोल पानें हातांत धरण्यापेक्षां १३ चौकोनी पानें धरणें सोपें. दहा अवतारांचा उलटसुलट क्रम ध्यानांत ठेवण्यापेक्षां चार रंग ध्यानांत ठेवणें सोपें. किंमत आणि सोय या दोघींनीं मिळून काम केलें. यांत विलायती कपट शोधीत बसण्यापेक्षां, आपल्या लोकांनीं आपल्याच हातांनीं गंजिफा खालीं ठेवली, हें मान्य करणें अधिक प्रामाणिकपणाचें.

स्वातंत्र्यानंतरच्या काळांत सावंतवाडीस ही विद्या जाणणारे हात जवळजवळ उरले नव्हते. अशा वेळीं राजेसाहेब शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्वशिलादेवी यांनीं वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली. ज्या घराण्याच्या आश्रयावर चितारी जगले त्या घराण्यानेंच चिताऱ्याच्या पुढ्यांत शिष्य म्हणून बसावें, हा प्रसंग आमच्या सामाजिक इतिहासांत नोंद करून ठेवण्यासारखा आहे. आश्रय देणें सोपें असतें. पैसे मोजले कीं झालें. शिष्य होणें अवघड, कारण तेथें अधिकार गुरूचा. पुढें १९७१ मध्यें 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' ही संस्था निघाली, राजवाड्याच्या दरबार दालनांत कारागीर बसून काम करूं लागले आणि नव्या मुलामुलींच्या हातांत कुंचला आला. जन्मानें चितारी नसलेल्यांसही या विद्येचें दार उघडलें. गंजिफेची विद्या वांचली ती याच मार्गानें. पुस्तकांत लिहिल्यानें ती वांचली नसती. कारण खळ किती दाट असावी आणि लाख केव्हां थांबवावी हें बोटांनाच कळतें.

संग्राहकांचेंही ऋण आहेच. बर्लिनहून १९३३ मध्यें मुंबईस आलेले आणि पुढें कलासमीक्षक म्हणून गाजलेले रुडॉल्फ फॉन लायडन यांनीं हिंदुस्थानभर हिंडून गंजिफा जमविल्या आणि त्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. १९८२ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत भारतीय गंजिफांचें प्रदर्शन भरलें, त्याची ग्रंथरूप सूचि त्यांचीच. २०२४ मध्यें सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकनही मिळालें. नांव सुरक्षित झालें, रूप सुरक्षित झालें, करण्याची रीत सुरक्षित झाली.

आणि खेळ ? सुंदर पेटींतील जोड घेऊन जाणाऱ्यांपैकीं बहुतेकांस त्याचा एक डावही मांडतां येत नाहीं. पानें चौकटींत बसवून भिंतीवर टांगली जातात. भेट म्हणून दिलीं जातात. दिवाणखान्याची शोभा वाढवितात. यांत वाईट कांहीं नाहीं, आणि कारागिराच्या चुलीला त्यानेंच आधार दिला आहे. पण भिंतीवरच्या पानाची पाठ कोणाला दिसणार ? ती सारखी नसली तरी कोणाचा डाव बुडणार ? ज्या शिस्तीनें ही कारागिरी घडविली ती शिस्त खेळाची होती. खेळ गेल्यावर ती केवळ वडिलोपार्जित संवय म्हणून उरते, आणि संवयी दोनतीन पिढ्यांत सैल होतात. ओरिसांत गंजप्पा या नांवानें हा खेळ जुन्या मंडळींच्या बैठकींत विसाव्या शतकाच्या अखेरीसही चालूं होता, आणि तेथील चित्रकारांना आपल्या पानांची परीक्षा करणारे डोळे समोर होते. महाराष्ट्रांत तसे डोळे मिटले. कला जगविली असें आपण म्हणतों तेव्हां तिचें शरीर जगविलेलें असतें. तिचें प्रयोजन जगविणें हें निराळें काम आहे आणि तें एकट्या कारागिरावर टाकतां येत नाहीं.

हें काम कोठें व्हावें ? माझ्या मतें शाळांत. सणावारीं मुलें हातानें शुभेच्छापत्रें करतात. भेंडीचे, बटाट्याचे, रबराचे ठसे, दौतींतील शाई आणि जलरंगाची पेटी एवढ्या सामग्रीवर त्यांचें भागतें. कलेच्या तराजूंत हीं पत्रें हलकीं भरतील. पण एका बाबतींत तीं राजवाड्यांतल्या गंजिफेहून भाग्यवान आहेत. तीं कोणाला तरी दिलीं जातात. मामाला किंवा आजीला पोंचलीं कीं त्यांचें प्रयोजन पूर्ण झालें. वस्तु वापरांत असणें हेंच तिचें आयुष्य.

तेव्हां बारामतीलगतच्या जळोचीसारख्या गांवांतील शिक्षकांपुढें एक सूचना ठेवतों. बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमि. बोरू आणि शाई यांच्या बळावर एकाच रामकथेचीं १०८ रूपें जेथें रचलीं गेलीं, तेथें दहा अवतारांचीं १२० पानें कांहीं अवघड नाहींत. एका वर्गांत ४० मुलें धरलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास तीन पानें येतात. पुठ्ठ्याच्या चकत्या कापाव्या, चिंचोक्याची खळ करावी, दहा खुणांचे दहा ठसे कोरावे, जमिनी जलरंगानें भराव्या. राजे आणि प्रधान मात्र ज्यांचा हात चांगला त्यांनीं कुंचल्यानें काढावे. शुद्धतावादी म्हणतील, ठशाची गंजिफा ही गंजिफाच नव्हे. त्यांस इतकेंच उत्तर कीं बाजारी कलम हेंही आमच्याच परंपरेंतलें आहे आणि खेळाचा डोलारा त्यानेंच सांभाळला. दरबारी काम पुढें ज्याला साधेल त्यानें सावंतवाडीस जाऊन शिकावें.

मात्र पानें पुरीं झालीं कीं तीं प्रदर्शनाच्या फळ्यावर टांचूं नयेत. तिघातिघांना समोरासमोर बसवावें आणि दिवस असेल तर रामापासून आरंभ करावा. ज्याच्या पानाची पाठ ओळखूं येईल त्याला दुसऱ्या दिवशीं तें पान पुन्हां करून आणावयास सांगावें.