आधी अंगठा, आता 'मान्य आहे'

पोस्ट जरा मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात शेळ्यांसाठी कर्ज कुठं मिळतं हे मी मोबाईलवर शोधलं. एकदाच! तेव्हापासून कुठलाही व्हिडिओ उघडा, आधी 'पाच मिनिटांत कर्ज'. मला पैशाची नड आहे हे घरातसुद्धा बोललो नव्हतो, जाहिरातवाल्यांना मात्र कळलं. परवानगी कुणी दिली? मीच. कधीतरी न वाचता 'मान्य आहे' वर बोट ठेवलं होतं.

आपल्या माणला हे नवीन नाही. दीडशे वर्षांपूर्वी सावकार कागद लिहायचा आणि शेतकरी खाली अंगठा नाहीतर नांगराची निशाणी करायचा. आत काय लिहिलंय ते जप्ती आल्यावर कळायचं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात भडका उडाला. गावोगाव सावकारांची खतं जाळली गेली. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, नगर, सोलापूर व आपला सातारा या चार जिल्ह्यांसाठी खास कायदा केला. शेतकऱ्याचा दस्त सरकारी निबंधकासमोरच व्हायला हवा, ही त्यातली एक अट. मतलब सरळ होता : न समजता उठवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

पुढं म्हसवडच्या बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. बायका हटल्या नाहीत. लिहाय-वाचायला शिकल्या आणि १९९७ मध्ये माणदेशी बँक उभी राहिली. आपला कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता मोबाईलच्या कागदाचं बघू. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला. संमती मागताना मराठीत वाचायची सोय हवी, दिलेली संमती देताना जितकी सोपी तितकीच मागं घेताना सोपी हवी, आणि मुलांच्या मागावर राहून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्यात लिहिलंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही मुख्य कलमं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे २०२७ चा उन्हाळा.

एक उणीव आहेच. युरोपात २०१८ पासून 'जाहिरातीसाठी माझी माहिती वापरू नका' एवढं सांगण्याचा वेगळा हक्क आहे. आपल्याकडं तसं वेगळं कलम नाही, संमती मागं घेणं एवढंच हातात.

तोवर एवढं करा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'गुगल', मग 'जाहिराती' उघडा आणि जाहिरात आयडी काढून टाका. आईच्या, आजीच्या फोनवरही करून द्या. जाहिराती बंद होणार नाहीत, पण आपल्या नडीचा माग काढणं थोडं तरी अवघड होईल.

खतं जाळायची गरज नाही. 'नाही' म्हणता आलं पाहिजे, एवढंच. पटलं तर पुढं पाठवा.